सतरा नंबरचा दांडा

सकाळी न्हाणीघरातला कॉक माझ्या हातात फिरला आणि फिरतच राहिला. अंगाला साबण, डोळे मिटलेले, आणि बायको बाहेरून ओरडतेय, अख्ख्या गावाला पाणी पाजता आणि घरात ठणठणाट, तो माळ्यावरच्या टाकीचा कॉक तरी उघडा. वर्षातून एकदा लागतो तो. मी भिंतीवर चाचपत दांडी धरली. अडली होती, अडणारच. मग माझ्या मनगटानं मला न विचारता एक झटका दिला, आत कुठंतरी बारीकसं ‘कट्’ झालं आणि दांडी एकदम हलकी झाली. झोपलेल्या मुलाचा हात उचलावा तशी. मी ती इकडून तिकडं नेली, तिकडून इकडं आणली, कसली अडकाठी म्हणून नाही. “उघडला का?” बायकोनं विचारलं. “उघडला,” मी म्हणालो. “मग पाणी कुठाय?” साबण डोळ्यांत उतरला होता, आणि आपण काय बोलून गेलो ते माझ्या आत्ता ध्यानात येत होतं. पाण्याचा थेंब नाही, हातात मेलेली दांडी, आणि मी बिनदिक्कत सांगतोय उघडला. बादलीत उरलं होतं तेवढ्यानं अंग कसंबसं धुतलं आणि ओल्या केसांनीच बाहेर आलो.

चहा घेताना हात कापत होता. कपबशी वाजायला लागली तेव्हा बायकोनं बघितलं आणि म्हणाली, “वय झालं तुमचं.” झालं असेल. पण हा कापरा वयाचा नव्हता. तो ‘कट्’ माझ्या हातानं आधी एकदा ऐकलेला होता, नऊ वर्षांपूर्वी, आणि तो माझ्याशिवाय कुणालाच कळला नाही असं धरून मी नऊ वर्षं चाललो होतो. आणि आज, नेमका आज, टेकडीवरच्या टाकीतून येणारी मोठी लाइन रिकामी करून माझा धाकटा भाऊ खालच्या खड्ड्यात उतरणार होता. तिथं नळाच्या तोंडावर बारा बोल्टांनी बसवलेली एक जाड प्लेट आहे, ती सहा महिने झिरपतेय. ती काढून आतलं पॅकिंग बदलायचं. लाइन रिकामी करायची ती सतरा नंबरचा व्हॉल्व्ह उघडून. आणि सतरा नंबर माझा. तो उघडत नाही. तो नऊ वर्षं उघडलेला नाही. हे सांगायला एक वाक्य पुरतं, आणि ते वाक्य घशात घेऊन मी घराबाहेर पडलो.

आमच्या कामातली मेख बाहेरच्याला कळत नाही. बॉल व्हॉल्व्हच्या पोटात एक लोखंडी गोळा असतो, आरपार भोक पाडलेला. वरचा दांडा नळाच्या रेषेत आणला की भोक पाण्यासमोर येतं, दांडा आडवा केला की गोळ्याची भरीव बाजू पाणी अडवते. पाव फेरा, संपला विषय. दांडा आणि गोळा यांच्यामध्ये अंगठ्याएवढी एक कांडी असते, स्पिंडल म्हणतात तिला. माणसाला दिसतो दांडा. गोळा कुणाच्या बापाला दिसत नाही. आमचं पाणी कडक, क्षार धरतं, दोन वर्षं हात लावला नाही की गोळा आपल्या घरात असा चिकटून बसतो की काही विचारू नका. ज्याच्या हाताखाली मी शिकलो तो उस्ताद सांगायचा, अडलेला व्हॉल्व्ह म्हणजे रुसलेलं माणूस, ओढाताण केलीस तर मोडेल पण बोलणार नाही. स्पिंडलभोवती पाणी रोखणाऱ्या ग्लँडचे नट अर्धा फेरा सैल कर, तेल सोड, जाऊन चहा पिऊन ये. दोन्ही अंगांचा दाब सारखा करता येतो का बघ. मग दांडा केसभर पुढं, केसभर मागं, केसभर पुढं. दिवस गेला तर जाऊ दे. आणि दांड्यावर लांब पाइप चढवून जोर करायचा नाही, कधीच नाही, कारण पाइप चढवलास की तो जोर तुझा राहत नाही. शेवटी उस्ताद आपला हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर काढायचा, टोक नळावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून पाणी ऐकायचा. “दांडा काहीही सांगेल,” म्हणायचा, “दांड्याला काय जीभ आहे?”

आणि नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी उस्ताद नव्हता. डोळ्याचं ऑपरेशन होतं त्याचं. मोठे साहेब चार पाहुण्यांना घेऊन आले, साहेबांच्या मनात होतं की पाहुण्यांना सगळं कसं चालू स्थितीत आहे ते दाखवावं, आणि सगळ्या गावातला त्यांना दाखवायला सापडला सतरा नंबर. तीन वर्षं बंद. मी म्हणालो, साहेब, एक दिवस द्या. साहेब घड्याळ बघत म्हणाले, “दिवस? व्हॉल्व्ह उघडायचाय की लग्नाची बोलणी करायचीयेत?” पाहुणे हसले. ते हसू माझ्या कानशिलात बसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी चार फुटी पाइप आणला, दांड्यावर चढवला, पाय रोवले आणि झटका दिला. कट्. एवढुसा आवाज, सुपारी फुटल्यासारखा. दांडा सरळ रेषेत आला. “वा!” साहेब म्हणाले. पाणी कुणी बघितलंच नाही, कारण सतरा नंबरचं पाणी झुडपांपलीकडं दोनशे पावलांवर नाल्यात पडतं, आणि पाहुण्यांचे बूट चकचकीत होते. पण माझे दोन्ही तळहात दांड्यावर होते. पाणी सुटलं की दांड्यात एक कंप येतो, मांजर मांडीवर बसल्यासारखा. तो आला नाही. दांडा गार होता, गप्प होता. मी वर बघून हसलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात हलकट हसू ते.

सांगायचं होतं मला. त्याच संध्याकाळी सांगणार होतो. मग म्हटलं, साहेबांचे पाहुणे जाऊ देत. मग म्हटलं, उस्तादची पट्टी निघू दे. उस्ताद परत आला, सगळीकडं फिरला, सतरा नंबरपाशी बसून त्यानं दांडा सरळ केला आणि स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. बराच वेळ लावला. मग उठून गुडघे झटकले, माझ्याकडं एकदा बघितलं आणि काहीच बोलला नाही. त्यानं एक सणसणीत शिवी हासडली असती तर मी आज वेगळा माणूस असतो. निवृत्तीच्या दिवशी तो स्क्रू-ड्रायव्हर त्यानं माझ्या हातात ठेवला, म्हणाला, “तुला लागेल.” आणि मी नाक्यावरच्या टवाळांसारखा हसून म्हणालो, आठवण म्हणून ठेवतो. तोवर माझं नाव पडलं होतं लोणी. दर तीन महिन्यांनी सगळे व्हॉल्व्ह एकदा फिरवून परत जागेवर आणायचे आणि बुडाशी निळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, ही रीत साहेबांनी त्या पाहुण्यांनंतर लावली होती. बाकीचे घाम गाळायचे आणि मी सतरा नंबर एका बोटानं फिरवायचो. लोण्यासारखा फिरतो, म्हणायचे, याच्या हातालाच गुण आहे. लोणी, इकडं ये, लोणी, हा जरा बघ. माणसाला नावाची सवय लागते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत म्हणत मी नऊ वर्षांत छत्तीस निळे ठिपके दिले.

सतरा मोडला त्यानंतर दोन वर्षांनी धाकटा कामाला लागला. मीच चिकटवला. त्याला माझं भारी कौतुक, लहानपणापासूनच. मी त्याला पोहायला शिकवलं ते खाणीच्या पाण्यात. पोटाखाली हात धरला आणि म्हणालो, मी धरलंय, तू हात मार. आणि धरलं नव्हतं, केव्हाच सोडलं होतं. तो चार हात पोहत गेला, वळून बघितलं तर मी काठावर. ही गोष्ट तो आजही आपल्या पोरींना सांगतो, मोठ्या काकांनी मला कसं फसवून शिकवलं, आणि पोरी खिदळतात. मी पण हसतो. कामावर तो माझ्या पाठीमागं उभा राहून बघायचा. “दादा, कसं जमतं रे तुला? माझा बारा नंबर तर जीव घेतो.” एकदा, पाच वर्षांपूर्वी, मी घाईत होतो, त्याला म्हणालो, पाइप चढव आणि एक झटका दे, पण एकच. असं म्हणालो मी. उस्तादनं मला काय शिकवलं आणि मी त्याला काय शिकवलं. नंतर त्याची कुरकुर बंद झाली, आणि मी पुन्हा कधी विचारलं नाही.

टेकडीखाली पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. रस्त्याच्या कडेला लाल पट्टी बांधलेली, खड्ड्याचं झाकण बाजूला केलेलं, आणि आमच्या नव्या इंजिनिअरबाई हातात फोन घेऊन उभ्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण कामाला पक्क्या. धाकटा उताराच्या मधल्या चेंबरपाशी जाऊन बारा नंबर बंद करून आला होता, म्हणजे टाकीचं पाणी तिथंच अडलं. पलीकडचा व्हॉल्व्ह पंपघरवाल्यांनी बंद केला होता. मधल्या उतारात जे पाणी उभं होतं तेवढं सतरातून नाल्यात सोडायचं, दीड तास थांबायचं आणि प्लेट काढायची. प्लेटजवळ दाबाचं घड्याळ आहे. त्याचा काटा शून्यावर. तो कायमच शून्यावर असतो, लाइन भरलेली असो की रिकामी, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक, बाईंना नाही. “सतरा उघडा,” बाई म्हणाल्या. मी गेलो. खड्ड्यापासून तीस पावलं. वाकलो, बोटानं दांडा सरळ केला. धाकटा लांबून ओरडला, “बघा बाई, लोणी!” बाई हसल्या, मग जवळ आल्या आणि जरा थांबून म्हणाल्या, “आवाज नाही येत का हो पाण्याचा?”

हीच ती वेळ होती. देवानं ताटात वाढून दिलेली. आणि मी सकाळी बायकोला म्हणालो तसा, त्याच आवाजात, म्हणालो, “लांब पडतं ना बाई, नाल्यात. इथं ऐकू नाही यायचं.” बाईंनी मान डोलावली. मी मात्र गार पडलो. तोंडातून बाहेर पडलेलं ते वाक्य माझं नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही, माझंच होतं, नऊ वर्षं तयार करून ठेवलेलं.

दीड तास मी सतरा नंबरपाशी बसलो. पिशवीत उस्तादचा स्क्रू-ड्रायव्हर होता. काढला, नळावर टेकवला, मूठ कानाला लावली. काही नाही. अगदी काही नाही असं नाही म्हणा, भरलेल्या नळात एक वेगळीच शांतता असते, कुणीतरी श्वास रोखून दाराआड उभं राहिल्यासारखी. माझ्या डोक्यात हिशोब चालू होता, बारा बंद आहे, म्हणजे फक्त उतारातलं पाणी, धाकटा शहाणा आहे, पहिला बोल्ट आपल्यापासून पलीकडच्या अंगाचा सैल करून बघेल, पाणी आलं की परत आवळेल, मग मी म्हणेन, अरे, सतरा तुंबला वाटतं. तुंबला. किती सोयीचा शब्द! कुणाचा दोष नाही, क्षारांचा दोष. मी एवढा नीच आहे हे मला त्या उन्हात बसल्यावर पहिल्यांदा नीट कळलं आणि कळूनही मी उठलो नाही. रस्त्यावरून एक बाई दोन पिशव्या घेऊन गेली. समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकीची काच पुसत होतं. मला आठवलं, खाणीच्या पाण्यात मी हात काढून घेतला तेव्हा त्याचं पोट माझ्या तळव्यावर किती हलकं लागत होतं. त्याचं वय तेव्हा आठ होतं. तो बुडाला असता तर मी आईला काय सांगणार होतो, याचा मी त्या दिवशीही विचार केला नव्हता.

मग ठण् ठण् ऐकू आलं. हातोडा. बोल्ट काढताना हातोडा लागत नाही. हातोडा लागतो तो बोल्ट काढून झाल्यावर, प्लेट चिकटून बसली असेल आणि फटीत छिन्नी घालायची असेल तर. म्हणजे त्यानं पलीकडच्या अंगाचा बोल्ट सैल करून बघितला होता, आणि पाणी आलं नव्हतं. क्षारांनी पॅकिंगची सांधणी दगडासारखी धरून ठेवली होती, आणि धाकट्याला वाटलं नळ रिकामा आहे. माझ्या पायांनी मला उठवलं. तीस पावलं मी कशी पळालो माहीत नाही, बाईंना धक्का लागला, त्यांचा फोन पडला, मी शिडी न धरताच खड्ड्यात उतरलो आणि त्याचं मनगट धरलं. “थांब! मारू नको!”

सात बोल्ट खाली फडक्यावर नीट मांडून ठेवलेले. पाच प्लेटवर. छिन्नी फटीत बोटभर गेली होती आणि तिच्या टोकाशी पाण्याची एक बारीक रेघ चमकत होती. “राहिलं असेल थोडं,” धाकटा म्हणाला. “राहिलं नाही. भरलेला आहे नळ. सतरा मोडलेला आहे.” “मोडला? आत्ता तर फिरवलास.” “नऊ वर्षं मोडलेला आहे. स्पिंडल तुटलंय आत. मी तोडलं, पाइप चढवून. नुसता दांडा फिरतो.” सगळं एका दमात बोललो. एवढंच तर होतं. त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं म्हणून मी खाली वाकून बोल्ट उचलायला लागलो. “आवळू परत सगळे,” मी म्हणालो, “घाबरू नको, उतारातलंच पाणी आहे, बारा तू बंद केलायस ना, टाकी तरी अंगावर येत नाही.”

मी वर बघितलं. तो माझ्यावर चिडलेला असेल असं वाटलं होतं. चिडलेला नव्हता. लहानपणी काच फोडल्यावर दिसायचा तसा दिसत होता.

“दादा,” तो म्हणाला, “बारा पण लोण्यासारखाच फिरतो.”

मला समजायला क्षणभर वेळ लागला. “कधीपासून?” “तू सांगितलंस ना, एकच झटका दे. दिला. कट् झालं. मला वाटलं असंच असतं. तुझाही तसाच फिरायचा की.” मग म्हणाला, “नाही, खरं सांगू? वर्षाभरात कळलं मला. पण आज सतरा उघडा आहे म्हटल्यावर पाणी नाल्यात जाईल वाटलं, आणि तुझ्याकडं बघून तर नेहमीच वाटलं, चालतं असं.” चालतं असं. शाळेत धडा गिरवावा तसा त्यानं माझ्याकडून गिरवला होता. टेकडीवरची अख्खी टाकी, तिचं सगळं पाणी, वरपासून खालपर्यंत एकसंध, त्या पाच बोल्टांच्या पाठीशी उभं होतं, आणि मध्ये अडवायला काही नव्हतं.

पाण्याची रेघ आता दोरीएवढी झाली होती. मी छिन्नीला हात लावला नाही, ती काढली असती तर फट उघडीच पडली असती. पहिला बोल्ट बसला. दुसरा बसला. तिसऱ्याच्या भोकातून पाणी असं जोरात आलं की बोल्ट हातातून उडाला, चाचपून पुन्हा शोधला. प्लेट थरथरत होती. धाकट्यानं दोन्ही तळवे तिच्यावर टेकवले होते, खांदा लावला होता, हातानं असलं काही धरून राहतं का, पण लावला होता. वर बाई गुडघ्यांवर बसून विचारत होत्या, काय झालं, काय झालं. मी तोंडात आलेलं पाणी थुंकून ओरडलो, बारा आणि सतरा दोन्ही मोडलेत, आम्हीच मोडलेत, टाकीच्या तोंडाशी तीन नंबर आहे तो बंद करायला सांगा, लगेच. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. टाकीवरच्या राखणदाराला फोन लावला, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकर लावून खड्ड्याच्या काठावर ठेवला, आणि त्याचा आवाज आम्हाला खाली स्पष्ट ऐकू आला, म्हाताऱ्या माणसाचा, खुशीतला.

“आत्ता करतो, बाई. तुम्ही काही काळजीच करू नका. बाकीचे अडतात, पण आपला तीन नंबर एकदम हलका. एका बोटानं फिरतो.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी धाकट्याकडं. कुणी हसलं नाही. मी पाना चौथ्या बोल्टावर बसवला. “तू वर जा,” मी त्याला म्हणालो, “पोरी आहेत तुझ्या, जा वर.” तो हलला नाही. त्याची मान पाण्यानं भिजली होती आणि गाल प्लेटला टेकला होता.

“तू आवळ, दादा,” तो म्हणाला. “मी धरलंय.”